तुमच्या जागी कोण?

१

शंभरी गाठलेल्या माणसाच्या घरी जायचं तर पोट रिकामं ठेवून जावं, असं इशबेल मॉवट म्हणत असे. कारण प्रत्येक घरी केक असायचा, आणि राजाच्या माणसाने केकला नाही म्हणणं बरं दिसत नाही.

इशबेल ऑर्डेल परगण्याची लॉर्ड लेफ्टनंट होती. स्कॉटलंडच्या पार उत्तरेला, समुद्रावर लोंबकळणारा हा परगणा. राजा इतक्या लांब कितीदा येणार? मग त्याच्या वतीने पदकं द्यायची, नव्या शाळेची फीत कापायची, स्मारकापुढे पुष्पचक्र ठेवायचं, आणि कुणी शंभर वर्षांचं झालं की राजाच्या सहीचं कार्ड घेऊन स्वतः त्याच्या दारात जायचं, हे तिचं काम. पगार नाही, अधिकार नाही. पुरुष लेफ्टनंट असला की त्याला गडद निळा गणवेश, कमरेला तलवार आणि टाचांना घोडेस्वाराच्या, चालताना किणकिणणाऱ्या लोखंडी चकत्या. बाई असली की तिला नुसता फितीवरचा एक बिल्ला. इशबेलला तेच बरं वाटे. सगळा जन्म गुरांची डॉक्टर म्हणून गेलेला, कोपरापर्यंत हात गाईच्या पोटात घालून वासरं ओढलेली. नवरा गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून तिने हे पद घेतलं होतं.

तिच्याबरोबर कचेरीतला हेक्टर स्वॉन्सन असे. तीन लेफ्टनंट त्याच्या डोळ्यांदेखत आले आणि गेले होते. तो तिला चिडवायला ‘सरकार’ म्हणायचा.

वसंतात दोघं स्कॅरी बंदरावर बॅबी कॉर्मॅककडे गेले. बॅबीचं अख्खं आयुष्य हेरिंग मासे साफ करण्यात गेलेलं. बोटं वाकलेली, पण जीभ सरळ. दार तिच्या भाच्याने, डॉनीने उघडलं. आत पाऊल टाकताच बॅबी म्हणाली, “परत आलात होय? तुमचे साहेब आत्ताच उठून गेले की.”

टेबलावर पाहुण्याचा कप होता. अर्धा प्यायलेला. तिच्यासमोरची खुर्ची जरा मागे सरकवलेली.

कुठले साहेब, ते काही बॅबीला नीट सांगता येईना. उंच होते, चालताना टाचा वाजत होत्या, फार अदबीने बोलत होते. डॉनी त्या वेळी केक आणायला बेकरीत गेला होता, त्याने कुणाला पाहिलं नव्हतं. हेक्टरने इशबेलकडे पाहून भुवया उडवल्या. आधीचे लेफ्टनंट कर्नल हॉर्न वयाने जरा भ्रमिष्ट झाले होते. गणवेश चढवून अजूनही कुठे कुठे जात असतील.

“काय म्हणाले ते?” इशबेलने फुलं देत विचारलं.

“म्हणाले, बाई, तुमच्या जागी कोण येणार? मी म्हटलं, आमचा डॉनी येईल. मला दुसरं आहेच कोण?”

डॉनी हसला. मावशी कुठल्याही कामाला आपल्यालाच पुढे करते, असं म्हणत त्याने केकचा मोठा तुकडा इशबेलच्या ताटलीत घातला. इशबेल त्या मागे सरकवलेल्या खुर्चीत बसली आणि दचकून जरा उठली. गादी ओली होती. बाहेर आठवडाभर कोरडं ऊन होतं. जागा करायला म्हणून तिने तो कप उचलला, तर आतला चहा थिजल्यासारखा गार.

तिने कार्ड वाचून दाखवलं, फोटो काढला आणि केक संपवला.

२

त्याच आठवड्यात डॉनी कॉर्मॅक गेला. बंदराच्या धक्क्यावर आपल्या माशांच्या गाडीत बसलेला सापडला, पट्टा लावलेला, इंजिन चालू, हात स्टिअरिंगवर. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याचं वय काही जायचं नव्हतं, पण असं होतं कधी कधी. इशबेल दफनाला गेली. बॅबी पहिल्या बाकावर ताठ बसली होती, गाल लालबुंद. हात हातात घेतला तेव्हा ती इशबेलला म्हणाली, “मला काही सुद्धा होत नाही हो. बघा ना. उलट पायातली कळ गेली.”

इशबेलने तेव्हा याचा काही विचार केला नाही.

उन्हाळ्यात खाडीजवळच्या वृद्धाश्रमात मॅग्नस बज शंभर वर्षांचा झाला. पूर्वी दीपगृहावर होता. इशबेल आणि हेक्टर पोचले तेव्हा तिथली मदतनीस म्हणाली, तुमचं काही जुळलेलं दिसत नाही, एक गृहस्थ बागेच्या दाराने येऊन गेलेसुद्धा. मॅग्नस खुशीत होता. इतकं मन लावून कुणी आपलं ऐकलं नव्हतं, असं सांगत होता. आणि शेवटी त्यांनी विचारलं, तुमच्या जागी कोण?

“मग मी सांगितलं, ती लॉर्ना,” तो म्हणाला. लॉर्ना ही त्याला रोज चालायला लावणारी, व्यायाम करून घेणारी मुलगी. “म्हटलं, मला एवढं पळवते, आता तीच जाऊ दे की.”

ती मुलगी तिथेच उभी होती. तिने त्याच्या टकलावर हलकीच टपली मारली. सगळे हसले. इशबेल हसली नाही. तिचं लक्ष मॅग्नसच्या समोरच्या खुर्चीकडे होतं. खुर्चीच्या पायांशी फरशीवर पाणी साचलं होतं.

परत येताना तिने हेक्टरला गाडीतूनच कर्नल हॉर्नकडे फोन लावायला सांगितलं. कर्नलच्या बायकोने उचलला. कर्नलचं खुब्याचं हाड नाताळातच मोडलं होतं, तेव्हापासून अंथरुणावरून उठले नव्हते. हेक्टरने फोन खिशात ठेवला.

लॉर्ना पोहण्यात पटाईत होती. ऊन असो वा गारठा, रोज सकाळी समुद्रात उतरायची. त्या रविवारी समुद्र तळ्यासारखा शांत होता, आणि ती परत आली नाही. ही बातमी इशबेलला खाटकाच्या दुकानात कळली. खाटीक मांस बांधता बांधता सांगत होता आणि ती काउंटरला धरून उभी होती.

एका गोठ्यात दोन वासरं मेली म्हणजे साथ आली असं होत नाही, हे तिने शेतकऱ्यांना जन्मभर सांगितलं होतं. आधी पाणी बघा, वैरण बघा, मग काय ते बोला. तिने स्वतःलाही तेच सांगितलं. एक हृदय, एक समुद्र. मधे काही नाही. रात्री झोप लागत नव्हती, पण त्याला काय, या वयात कुणाला लागते?

३

परगण्याच्या सभागृहात जिन्याच्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या लेफ्टनंटांच्या तसबिरी लावलेल्या होत्या. इशबेल इतके दिवस त्यांच्याखालून येजा करत होती, पण तिने कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. त्या दुपारी ती पायरीपायरीवर थांबत वर गेली. अगदी वर, खिडकीचा उजेड पोचत नाही तिथे, पहिला लेफ्टनंट होता.

चेहरा दिसत नव्हता. रोगण काळं पडून वरचं सगळं बुडालं होतं. दिसत होते फक्त गुडघ्यापर्यंतचे बूट आणि टाचांच्या चकत्या. बूट ओले रंगवले होते. चित्रकाराने त्या ओलीवर भारी मेहनत घेतलेली दिसत होती.

हेक्टर मागे येऊन उभा राहिला. तिने विचारलं, या माणसाचं काम काय होतं? कार्ड आणि फुलं तर तेव्हा नसणार.

हेक्टर सांगू लागला. तेव्हा फ्रेंचांशी लढाई चालू होती. लेफ्टनंट नेमले ते मुळी सैन्यासाठी माणसं गोळा करायला. गावोगाव चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचं नाव निघेल त्याने जायचं. जायचं नसेल तर आपल्या जागी दुसरा द्यायचा. कायदाच तसा होता. मग जमीनदारांनी शेतगडी पाठवले, बापांनी पुतणे पाठवले. लोक चिडले, त्यांनी चिठ्ठ्या टाकायला आलेल्या शिपायांना दगडांनी हाणलं. तेव्हा हा एकटाच घरोघर जाऊ लागला. ना आरडाओरडा, ना बंदूक. बसायचा, चहा घ्यायचा, पोरांचं कौतुक करायचा आणि मग विचारायचा.

“काय विचारायचा?”

“तुम्हाला माहीत आहे ते, सरकार,” हेक्टर म्हणाला. ‘सरकार’ म्हणताना तो या वेळी हसत नव्हता.

जरा वेळाने तो म्हणाला, की बाकी सगळ्यांच्या कबरी आपण दाखवू शकू, या एकाची कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. मग रुमाल काढून त्याने चौकटीची धूळ पुसली, वर्षानुवर्षं पुसत आला होता तशी, आणि खाली निघून गेला.

४

पुढचं कार्ड एबेन्झर ओमनचं होतं. माळावर, जळणासाठी दलदलीतली माती कापून नेतात त्या चरांपलीकडे त्याचं एकट्याचं घर. लग्न केलं नव्हतं, भावंडं मागे राहिली नव्हती. इशबेल त्या दिवशी हेक्टरला न सांगता, पहाट फुटतानाच एकटी गेली. म्हाताऱ्याला आश्चर्य वाटलं, पण सोबत मिळाली म्हणून बरंही वाटलं. तिने दाराला आतून कडी घातली. गोठ्याची पाहणी करते म्हणून मागचं दारही बघून आली. मग त्याच्यासमोरच बसून राहिली. तो मेंढ्यांच्या जुन्या रोगांबद्दल विचारत होता, ती उत्तरं देत होती आणि कान बाहेर होते.

सकाळ सरत आली. काही झालं नाही. तिला स्वतःचीच लाज वाटू लागली. तो म्हणाला, आता चहा तरी टाक बाई. ती शेजारच्या खोलीत गेली, किटली भरली, चुलीवर ठेवली. पाण्याला आवाज यायला लागला तशी त्या आवाजातच दुसरा एक आवाज मिसळला. बारीक किणकिण. चालता चालता थांबल्यासारखी.

ती धावत आली. कडी तशीच होती. तिच्या खुर्चीवर, ती जिथे बसली होती तिथे, कापड गडद ओलं झालं होतं. एबेन्झर दाराकडे पाहत होता, कुणाला निरोप दिल्यावर माणूस पाहतो तसा.

“विचारलं त्याने,” तो म्हणाला.

“कुणाचं नाव सांगितलंत?” तिने त्याचे खांदे धरले होते. “एबेन्झर, नाव कुणाचं घेतलंत?”

“कुणाचं घेणार? मेंढ्यांचं? म्हटलं, माझा मीच येईन.”

त्याने तिला आपली खुर्ची खिडकीकडे वळवायला सांगितली. तिने वळवली. तिने आणलेल्या केकमधला एक तुकडा त्याने चवीने खाल्ला, बोटं पुसली. तिने त्याची नाडी धरली होती. कितीतरी जनावरांची नाडी अशीच तिच्या बोटांखाली थांबली होती, त्यामुळे थांबली ते तिला लगेच कळलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. शेजारच्या खोलीत किटली ओरडत होती आणि ती तिथेच हात धरून बसली होती.

आता पाणी आणि वैरण बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

५

इशबेलची आई जोहॅना शरदात, बटाटे काढायला शाळांना सुट्टी असते तेव्हा, शंभर वर्षांची होणार होती.

ती इशबेलजवळच राहत होती. अंगाने काटक होती, पण नावं एकेक करून तिच्यातून गळून गेली होती. नवऱ्याचं गेलं, गावाचं गेलं. इशबेलला ती बहुतेक वेळा नर्सबाई म्हणे. एकच नाव पक्कं राहिलं होतं: कॅट्रिओना. इशबेलची एकुलती एक लेक, ग्लासगोला असायची. तिला आजीने लहानपणी सांभाळलेलं. म्हातारी खिडकीशी बसून दिवसातून दहा वेळा विचारी, कॅट्रिओना शाळेतून आली का?

कुणी विचारलं तर ती कुणाचं नाव घेणार, याबद्दल इशबेलला शंकाच नव्हती.

तिने सगळं करून पाहिलं. राजीनामा पाठवला. उत्तर आलं की नवी नेमणूक होईपर्यंत काम चालू ठेवावं. आईला दुसरीकडे हलवायचा विचार केला, तर डॉक्टरांनी सांगितलं, एवढा प्रवास झेपायचा नाही. पाद्रीबाबांकडे गेली, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तिच्या झोपेची चौकशी केली. कॅट्रिओनाला फोन करून सांगितलं की आजीच्या वाढदिवसाला येऊ नकोस, आजीला गर्दी सोसत नाही. कॅट्रिओना म्हणाली, मी एकटी म्हणजे गर्दी का? ती ऐकणाऱ्यातली नव्हती.

मग एकच वाट राहिली. ती एबेन्झरने दाखवलेली होती.

रोज सकाळी ओटची पेज भरवताना इशबेल विचारू लागली, “आई, कुणी आलं आणि म्हणालं, तुमच्या जागी कोण? तर काय सांगायचं?”

“कॅट्रिओना,” आई म्हणे, तोंडभर हसून.

“नाही. मी स्वतः येईन, असं म्हणायचं. म्हण.”

“कुठे यायचं?”

“समारंभाला.” हे म्हणताना ती आईच्या डोळ्यांत पाहत नसे. “म्हण, मी स्वतः येईन.”

बरोबर उत्तर येईपर्यंत ती चमचा वर धरून ठेवी. म्हातारी चमच्याकडे पाही, तोंड उघडी, मिटी. चुकलं की चमचा खाली येत नसे. इशबेलने आडमुठी कुत्रीसुद्धा अशी वळवली नव्हती. पहिल्या दिवसांत पेज गार व्हायची. पुढे पुढे जोहॅना शिकली. चमचा दिसला की आपणहून म्हणू लागली, मी स्वतः येईन, मी स्वतः येईन, आणि घास घेऊ लागली.

एका सकाळी तिने घास घेतला नाही. तिचे डोळे इतके स्वच्छ झाले की इशबेलला तिची पूर्वीची आई दिसली.

“तू मला कुठे पाठवते आहेस, इशबेल?”

कित्येक महिन्यांनी आईने तिचं नाव घेतलं होतं. इशबेल वाटी ठेवून उठली, मागच्या रिकाम्या गोठ्यात गेली आणि गव्हाणीवर डोकं टेकून रडली. कुणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं. सांगणार काय? की लेकीला वाचवायला मी आईला मरणाचा पाठ देते आहे, आणि ती हुशार आहे, तिला तो येतो?

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा चमचा वर धरला.

६

त्या दिवशी सकाळी हेक्टर कार्ड आणि फुलं घेऊन आला. इशबेलने दार फटीएवढं उघडलं आणि दोन्ही गोष्टी आत घेतल्या. तो पायरीवरून हलेना.

“मी थांबू का?” त्याने विचारलं. त्याने तिला प्रथमच सरकार म्हटलं नाही.

“नको. तुम्हालाच विचारलं तर?”

हेक्टरने घरी असलेल्या बायकोचा विचार केला असावा. त्याने टोपी घातली आणि तो गेला.

आईच्या खोलीतून इशबेलने बाकीच्या सगळ्या खुर्च्या काढून टाकल्या होत्या. त्याला बसायलाच जागा नको. आईला निळा झगा घातला, केस विंचरले, खिडकीशी बसवलं. स्वतः जमिनीवर बसली, तिच्या पायांना टेकून. बाहेर ऊन होतं. आई शेतातले बटाटे वेचणारे लोक पाहत होती आणि मधूनच तिच्या केसांतून हात फिरवत होती. कुणाचं आहे हे माहीत नसलेल्या मांजराला कुरवाळावं तसा.

दुपार कलली तशी खडीवर किणकिण ऐकू आली. अंगणात, मग घराच्या बाजूने. प्रत्येक खिडकीपाशी थांबून पुढे. त्यांच्या खिडकीपाशीही थांबली. इशबेलने मान वर केली. काचेत फक्त शेत होतं आणि ऊन. आईने मात्र कुणाला तरी ओळख द्यावी तशी मान हलवली.

मग स्वयंपाकघराकडून एक पाऊल वाजलं.

इशबेल उठली. तिकडचं दार उघडं राहिलं असेल तर ते बंद करायला ती बोळात आली. ते दार बंदच होतं. कडी, अडसर, सगळं जागच्या जागी. बोळातल्या दगडी लाद्यांवर मात्र ओल्या बुटांचे ठसे होते. तिच्या पायांजवळून जाऊन ते मागे, खोलीकडे वळले होते. ती वळली आणि खोलीचं दार तिच्यासमोर हळूच लागलं.

आतून आईचा आवाज आला. “या ना. बसा की.”

मूठ फिरत होती, पण दार हलत नव्हतं. आतून कुणी पाठ लावून उभं असावं असं. इशबेलने खांदा लावला, लाथा मारल्या, आईला हाका मारल्या. मग थांबली आणि कान लावला, कारण आई बोलत होती. दुसरा आवाज नव्हता. आई बोले, मग तेवढीच शांतता, मग पुन्हा आई. हो, शंभर झाली. हो, हवा छान आहे. लेक गोड आहे हो, फार करते माझं.

मग मोठी शांतता.

आणि मग आई अगदी स्पष्ट, पाठ म्हणावा तशी म्हणाली, “मी स्वतः येईन.”

इशबेल दाराशी खाली बसली. सुटले, असं तिच्या मनात आलं, आणि त्या शब्दाची तिला किळस आली, तरी तोच शब्द पुन्हा पुन्हा येत राहिला. सुटले, सुटले.

आत पुन्हा शांतता झाली. ती संपली तेव्हा आई काहीतरी म्हणाली. या वेळी हळू, अडखळत. एकच शब्द होता. तो दाराबाहेर आला नाही.

दार आपोआप सैल झालं.

आईच्या समोर स्वयंपाकघरातली खुर्ची होती. तिची बैठक ओली होती. आई गोंधळलेली दिसत होती, धडा विसरलेल्या पोरीसारखी.

“मी बरोबर सांगितलं,” ती म्हणाली. “तू शिकवलंस तसंच. ते म्हणाले, ठीक, हे लेकीने शिकवलेलं दिसतंय. मग उठले, आणि म्हणाले, आता तुमच्या लेकीच्या जागी कोण?”

इशबेल तिच्यासमोर जमिनीवर बसली.

“ते तू मला शिकवलं नव्हतंस,” आई म्हणाली. “मग मला जे नाव येतं ते मी सांगितलं. चुकलं का?”

इशबेलने तिला जवळ घेतलं. नाही, आई, नाही चुकलं, असं ती म्हणत राहिली. जोहॅनाने टोपी मागितली, कोट मागितला. बाहेर जायचं म्हणजे गारठा असणार. इशबेलने टोपी घातली, कोटाच्या बाह्यांत तिचे हात घातले. बटणं लावायला घेतली. शेवटच्या बटणापर्यंत पोचायच्या आधीच आईचं डोकं तिच्या खांद्यावर जड झालं.

७

कॅट्रिओना फोन उचलत नव्हती. गाडी चालवताना ती कधीच उचलत नसे, तिला तशी सवय इशबेलनेच लावली होती. इशबेल पायांत घरातल्या सपाता, तशीच फाटकातून बाहेर आली आणि रस्त्यावर पळू लागली. बटाटे वेचणारे वाकलेले होते, ते ताठ होऊन तिच्याकडे पाहू लागले. रस्ता लांबवर टेकडीपर्यंत सरळ जात होता. त्यावर काही नव्हतं. मग टेकडीच्या माथ्यावर लाल ठिपका आला.

कॅट्रिओनाची गाडी होती. सावकाश, नीट येत होती. मावळतीकडचं ऊन समोरच्या काचेवर होतं आणि मधे एका ढगाची सावली गाडीवर पडली, तेव्हा इशबेलला आत दोन डोकी दिसली. एक स्टिअरिंगमागे. दुसरं शेजारी, ताठ, छताला टेकेल इतकं उंच.

रस्ता मेंढवाड्याच्या दगडी भिंतीआड गेला. गाडी पलीकडून बाहेर आली तेव्हा आत एकच माणूस होतं.

इशबेल रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी होती. गाडी थांबली. कॅट्रिओना उतरली. धडधाकट, गालावर खळी, हातात केकचं खोकं. आईला त्या अवतारात पाहून तिचं हसू मावळलं. आजी बरी आहे ना, हे तिने आधी विचारलं. इशबेल तिच्या खांद्यावरून शेजारच्या सीटकडे पाहत होती. सीट काळीभोर ओली होती.

“कोण होतं गाडीत?”

कॅट्रिओनाने सांगितलं की पुलाजवळ एक म्हातारे गृहस्थ भेटले. कसल्याशा मिरवणुकीतून आले असावेत, जुन्या पद्धतीचा पोशाख होता आणि नखशिखान्त भिजलेले. दया आली म्हणून बसवून घेतलं. बोलायला छान होते. भिंतीपाशी म्हणाले, इथे थांबव, आणि उतरले. मान हलवून ती म्हणाली, “एवढं एकच विचित्र बोलले.”

“काय?”

“विचारत होते, तुझ्या जागी कोण येईल? मला कळेचना, कशाबद्दल म्हणताहेत. मी म्हटलं, माझं कुठे काही अडलं की आमची आईच येते धावून. तुझं नाव सांगितलं मी.” तिने आईचा चेहरा पाहिला आणि ती थांबली. “का गं? सांगायला नको होतं का?”

इशबेलने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. लहानपणी ताप आहे का बघताना घ्यायची, तसा. गाल गरम होते. त्यांच्याखाली रक्त वाहत होतं, जोरात आणि नियमित, आणि ते तिच्या बोटांना कळत होतं.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “फार बरं केलंस, बाळ.”

मेंढवाड्याच्या भिंतीमागून किणकिण येऊ लागली होती. कॅट्रिओनाला ती ऐकू येत नव्हती. इशबेलने तिच्या हातातलं खोकं घेतलं, तिला घराच्या बाजूला घेतलं, आपण रस्त्याच्या बाजूने झाली, आणि आजीबद्दल कसं सांगावं याचा विचार करत तिला हळूहळू घराकडे चालवत घेऊन गेली.